न पेटवलेला स्टोव्ह

संध्याकाळ झाली की बिजौलीतल्या त्या घराच्या मागच्या ओसरीतून स्पिरिटचा वास येऊ लागतो. जुन्या शेजाऱ्यांना त्याची सवय आहे. नवे भाडेकरू मात्र पहिल्याच दिवशी धावत येतात, काही जळतंय का म्हणून विचारायला. माई हात पुसत बाहेर येतात आणि शांतपणे सांगतात, “काही जळत नाही हो. आमचे हे दिवे लावताहेत.”

मग ओसरीत फस्स् असा आवाज होतो, निळी ज्योत वर चढते, जाळी क्षणभर लालसर दिसते आणि पाहता पाहता पांढरीशुभ्र होते. पंप मारणारे नाना मान थोडी तिरकी करून ऐकत राहतात. दिवा ‘बोलतो’ कसा, यावरून त्याची तब्येत कळते, असे त्यांचे म्हणणे.

झाशीहून ललितपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर बिजौली येते. पुढे खैलार, तेथे भेलचा मोठा कारखाना आणि त्याच्याही पुढे बबीनाची छावणी. नानांची सारी नोकरी त्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बांधण्यात गेली. ज्या माणसाने सदतीस वर्षे विजेची यंत्रे बांधली, त्याने निवृत्त झाल्यावर विजेवाचून चालणाऱ्या दिव्यांचा संसार मांडावा, याचे माईंना अजून हसू येते. “तिकडे अंधार घालवत होते, आता इकडे राखण करताहेत,” असे त्या पाहुण्यांना सांगतात.

घर मराठी. झाशीत मराठी घरे काही नवी नाहीत. नेवाळकरांच्या काळापासून ती तेथे आहेत, आणि ज्या गणेश मंदिरात 1842 साली राणी लक्ष्मीबाईंचे लग्न लागले, तेथे आजही गणेशोत्सव होतो. पण नानांचे घराणे त्या जुन्यांपैकी नव्हे. त्यांचे आजोबा रेल्वेमुळे आले. झाशीचे रेल्वे वर्कशॉप 1895 सालचे. पुढे ते मुंबईच्या जी.आय.पी. रेल्वेकडे गेले आणि त्यानंतर 2003 सालापर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेचा, म्हणजे पुन्हा मुंबईचाच भाग होता. कामाला आलेली कितीतरी मराठी कुटुंबे मग तेथेच राहिली. घरात मराठी, दारात हिंदी, आणि भाजीवालीशी बुंदेली, अशी तीन भाषांची ये-जा या घरात अजून चालते.

नानांचे वडील वर्कशॉपमध्ये फिटर होते. संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन ओट्यावर बसत आणि गल्लीतले स्टोव्ह, बत्त्या दुरुस्त करत. त्याचे पैसे ते घेत, पण थोडे. पिना विकत, निपल बदलत, गळक्या टाकीला डाख लावत. नाना शाळेतून आले की त्यांच्या शेजारी बसत. बाराव्या वर्षी त्यांना चामड्याचा वायसर कापता येऊ लागला होता. चामडे गोल कापायचे, मधे भोक पाडायचे, गोडे तेल लावून रात्रभर मुरू द्यायचे आणि सकाळी वाटीसारखा आकार देऊन पंपात बसवायचे. वायसर कोरडा पडला की पंप नुसता फुसफुसतो, हवा भरतच नाही. निम्म्या स्टोव्हांचे दुखणे हेच असते, आणि त्याला तेलाचा एक थेंब पुरतो, हे आजही फार थोड्यांना ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर नानांनी बिजौलीला घर बांधले आणि मागच्या ओसरीच्या भिंतीला चार फळ्या ठोकल्या. त्यांवर आता साठ-पासष्ट नग आहेत. पेट्रोमॅक्स, कोलमन, टिली, प्रायमस, रेडियस, ऑप्टिमस, शिवाय नाव घासून गेलेले कितीतरी देशी भाऊबंद. प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. त्यावर नानांच्या कारखानी अक्षरात चार ओळी: कंपनी, कोठे मिळाला, दोष, उपाय. एकावर लिहिले आहे, ‘दोष – निपलचे भोक मोठे झालेले, कोणीतरी जाड सुई घातली. उपाय – नवे निपल.’ दुसऱ्यावर, ‘दोष – झडपेतला गट्टू झिजला. उपाय – बदलला.’ माई याला ‘दवाखान्याचे केसपेपर’ म्हणतात.

सर्वांत वरच्या फळीवर, कोपऱ्यात, एक पितळी प्रायमस स्टोव्ह होता. त्याच्याही गळ्यात पुठ्ठा होता. पण कोरा.

पेट्रोमॅक्सची गोष्ट नाना कोणालाही हौसेने सांगतात. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीच्या मॅक्स ग्रेट्झने 1910 च्या सुमारास हा दिवा बाजारात आणला. पेट्रोलियममधले ‘पेट्रो’ आणि स्वतःच्या नावातले ‘मॅक्स’ जोडून नाव झाले. आपल्याकडे ते नाव इतके रुळले की कोणत्याही कंपनीचा दिवा असला तरी तो पेट्रोमॅक्सच. मराठीत त्याला गॅसबत्ती म्हणतात. शिकलेली माणसे हसतात, की यात रॉकेल असते, गॅस कुठला? पण म्हणणारे चुकत नाहीत. टाकीतले रॉकेल हवेच्या दाबाने वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि जळते ती वाफच. एका लिटरात हा दिवा आठेक तास चालतो. लग्नाची वरात, कीर्तन, तमाशाचा फड, गणपतीची मिरवणूक, गावची जत्रा, सारे या उजेडात झाले. वरातीत गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालणाऱ्यांच्या तोंडावर मात्र तो उजेड कधी पडला नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण त्यांच्याइतकी कोणी अनुभवली नसेल.

आणि ती जाळी! कापडाची एवढीशी पिशवी. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जाते आणि उरते ती राख. पण ही राख पिशवीचा आकार सोडत नाही आणि तापली की झगझगते. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी 1880 च्या दशकात हिचा शोध लावला आणि 1891 साली 99 भाग थोरियम, एक भाग सेरियम असे तिचे प्रमाण बसवले. हे थोरियम कोठले? 1909 साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन माणसाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडले, आणि मग ती वाळूच जहाजांत भरून परदेशी जाऊ लागली. जर्मन दिव्याचा उजेड असा आपल्याच किनाऱ्यावरून गेलेला होता. स्वातंत्र्यानंतर, 1955 साली, तुर्भ्याला थोरियमचा कारखाना निघाला आणि जाळ्यांसाठीचे थोरियम नायट्रेट येथेच होऊ लागले. थोरियम किरणोत्सारी असते, म्हणून हल्ली बऱ्याच जाळ्यांत ते घालत नाहीत. जुनी जाळी फुटली की नाना तोंडाला रुमाल बांधतात आणि राख फुंकत नाहीत, ओल्या फडक्याने टिपून घेतात. नातवंडांना त्या वेळी ओसरीत मज्जाव असतो.

थंडीत या सगळ्या पसाऱ्याबद्दल माईंची तक्रार थोडी कमी होते. झाशीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो, पण पौषातली थंडीही हाडांत शिरते. छावणीच्या एका जुन्या लिलावातले सामान भंगारवाल्याकडे आले, त्यात नानांना टिली कंपनीचा एक हीटर मिळाला. खाली पितळी टाकी, वर बर्नर आणि त्याच्या मागे परातीसारखा गोल चकचकीत पत्रा. आणला तेव्हा त्याची नळी काजळीने पार बुजली होती. नानांनी आठ दिवस तिला रॉकेलात भिजत घातले, मग सायकलच्या ब्रेकच्या तारेने हळूहळू मोकळी केली. आता जानेवारीत तो ओसरीत लागतो, आणि माई त्याच्यासमोर मटार सोलत बसतात. पण ओसरीतच. बंद खोलीत तो लावायचा नाही, हा नियम. दारे-खिडक्या लावून असा कोणताही हीटर वा शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

स्टोव्हचा विषय निघाला की मात्र नाना थोडे गंभीर होतात. प्रायमस हा स्वीडनचा. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने 1892 साली तो केला. दक्षिण ध्रुवावर 1911 साली पोचलेल्या अमुंडसेनच्या सामानात प्रायमस होता आणि 1953 साली एव्हरेस्टवर गेलेल्या तुकडीबरोबरही. पण ध्रुवापेक्षा आणि शिखरापेक्षा जास्त चहा त्याने आपल्या स्वयंपाकघरांत उकळला असेल. ज्यांचे बालपण साठ-सत्तरच्या दशकांत गेले, त्यांच्या कानांत त्याचा घोंगावणारा आवाज अजून आहे. पहाटे आई पंप मारू लागली की उठायची वेळ झाली.

तो कसा पेटवायचा हे आज कोणाला सांगावे लागते. आधी चावी मोकळी ठेवायची. स्पिरिटात किंवा रॉकेलात भिजवलेला काकडा बर्नरला लावून पेटवायचा आणि बर्नर चांगला तापू द्यायचा. काकडा विझत आला की चावी बंद करून पंप मारायचा. निळी ज्योत आली की झाले. घाई केली, बर्नर नीट तापला नाही, तर वाफेऐवजी पातळ रॉकेलच बाहेर उडते आणि हातभर पिवळी ज्योत वर येते. यालाच म्हणायचे भडका. उपाय एकच, चावी सोडायची. हवा निघून गेली की ज्योत आपोआप खाली बसते. पाणी ओतायचे नाही. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल भरायचे नाही. आणि रॉकेलात पेट्रोलची भेसळ असल्याचा संशय आला तर ते तेल स्टोव्हजवळही आणायचे नाही. 

“भडका उडणं वेगळं आणि स्टोव्ह फुटणं वेगळं,” नाना सांगतात. “भडका उडाला तर बर्नरवर, टाकीच्या माथ्यावर काजळीचा थर बसतो. स्टोव्ह फुटला तर टाकी फुगते, जोड सुटतो, पत्रा फाटतो. फुटलेला स्टोव्ह फुटलेला दिसतो.”

हे वाक्य ते नेहमी जरा सावकाश म्हणत. पण का, ते माईंनाही ठाऊक नव्हते.

2016 च्या मे महिन्यात उत्तर प्रदेशातल्याच बलियाहून उज्ज्वला योजना सुरू झाली. गावोगाव सिलिंडर पोचले आणि भंगारवाल्यांच्या गाड्यांवर स्टोव्हच स्टोव्ह दिसू लागले. नानांच्या फळ्या त्याच काळात भरल्या. पितळ किलोवर विकले जाते, त्यामुळे चांगले चांगले नग वितळून गेले. जे हाती लागले ते नानांनी किलोच्या भावानेच सोडवून आणले. 2020 साली रेशनच्या रॉकेलवरची सबसिडी संपली आणि रॉकेल मिळणेही कठीण झाले. आता नाना महिन्याला जेमतेम दोन लिटर मिळवतात, मलमलीच्या फडक्यातून गाळून घेतात आणि रोज एकच दिवा लावतात. आज याची पाळी, उद्या त्याची.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर दिल्लीहून एक गृहस्थ आले. जुने दिवे जमवणारे, नानांच्याच वेडाचे, फक्त खिशाने मोठे. त्यांनी चारही फळ्या मन लावून पाहिल्या, दोन बत्त्यांच्या किमती विचारल्या आणि शेवटी त्यांची नजर वरच्या कोपऱ्यातल्या प्रायमसवर थांबली. शिडी घेऊन त्यांनी तो खाली उतरवला, उलटा केला, टाकीवरचा शिक्का भिंगातून पाहिला. पितळ कोठेही दबलेले नव्हते. पाय सरळ, बर्नर मूळचा. 

“हा द्या. आठ हजार देतो,” ते हिंदीत म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या माई तेथेच उभ्या राहिल्या. आठ हजारांत ओसरीवरचे पत्रे बदलून झाले असते.

“हा द्यायचा नाही,” नाना म्हणाले.

“बरं, निदान पेटवून तरी दाखवा.”

“पेटवत नाही मी तो.”

“खराब आहे का?”

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी स्टोव्ह हातात घेतला आणि पुन्हा वर ठेवला. पाहुणे दोन कोलमन घेऊन गेले. 

रात्री जेवणे झाल्यावर माईंनी विषय काढला. आठ हजारांसाठी नव्हे. लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली, या माणसाने एखादे यंत्र खराब आहे की नाही या प्रश्नाला उत्तर दिले नाही, असे त्यांनी प्रथमच पाहिले होते.

“अहो, त्या स्टोव्हचं काय आहे?”

नाना बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितले. 

1971 साल. नाना तेव्हा सतरा वर्षांचे. झाशीतल्या गल्लीत त्यांच्या घरापासून चार घरे सोडून एक नवी सून आली होती. दीड वर्ष झाले असेल लग्नाला. ती ओट्यावर पिना घ्यायला येई. जास्त बोलत नसे. हातात नाणे घट्ट धरलेले, पिन घेतली की लगेच परत. एकदा ती स्टोव्हच घेऊन आली. पंप हवा धरत नव्हता. वडील वर्कशॉपमधून यायचे होते, म्हणून नानांनीच तो उघडला. वायसर पार वाळला होता. त्यांनी स्वतः नवा कापला, तेलात मुरवला आणि दुसऱ्या दिवशी बसवून दिला. चामड्याचा तो तुकडा वर्कशॉपमधल्या जुन्या पट्ट्याचा होता, तांबूस रंगाचा, एका कडेला शिवणीची दोन भोके असलेला. भोके नको होती, पण दुसरे चामडे घरात नव्हते. वडिलांनी पाहिले असते तर चालू दिले नसते.

आठवड्याने त्या घरातून आरडाओरड ऐकू आली. लोक धावले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी इस्पितळात गेली. ‘स्टोव्ह फुटला,’ असे घरच्यांनी सांगितले. पोलिसांनी तसेच लिहून घेतले, गल्लीही तसेच म्हणू लागली.

“पंधरा दिवस मी जेवलो नाही नीट,” नाना माईंना म्हणाले. “वायसर मी बसवला होता. भोकं असलेला. मला वाटलं, माझ्यामुळे गेली ती. बाबांना सांगायची छाती झाली नाही.”

वायसर खराब असला तर हवा भरली जात नाही, इतकेच. त्याने स्टोव्ह फुटत नाही. हे नानांना तेव्हाही ठाऊक होते. पण सतराव्या वर्षी, रात्री अंथरुणात, ठाऊक असलेल्या गोष्टी कामाला येत नाहीत.

पंधरा-वीस दिवसांनी भंगारवाला एक पोते घेऊन ओट्यावर आला. त्यात एक प्रायमस होता. विकण्याआधी चालू करून हवा होता. तो खालच्या आवाजात वडिलांना म्हणाला, “बाबूजी, वही है. जो फटा था.”

वडिलांनी स्टोव्ह पाटावर ठेवला. टाकी गोल, कोठे फुगलेली नाही. जोड जसेच्या तसे. माथ्यावर काजळीचा ठिपका नाही. नानांनी पंप ओढून काढला. टोकाला तांबूस चामड्याचा वायसर होता, कडेला दोन भोके. वडिलांनी काकडा लावला, पंप मारला. पहिल्याच काडीला निळी ज्योत आली आणि स्टोव्ह घोंगावू लागला.

“आधी मला इतकं हलकं वाटलं,” नाना म्हणाले, “की मी हसलो. बाबांच्या समोर हसलो. आणि मग कळलं की मी कशाला हसलो.”

माई काही बोलल्या नाहीत.

वडिलांनी चावी सोडली. स्टोव्ह विझला. ते भंगारवाल्याला म्हणाले, किती पाहिजेत? आणि जे मागितले ते दिले. त्या काळी घरात दोन स्टोव्ह असताना तिसरा विकत घेणे ही चैन होती. मुलाला ते एवढेच म्हणाले, “अरे, आपण परमुलखातली माणसं. आणि साधा स्टोव्ह दुरुस्त करणारा, त्याचं कोण ऐकणार?” स्टोव्ह फळीवर गेला. वडील 1988 साली वारले, तोवर त्याच्याबद्दल घरात पुन्हा शब्द निघाला नाही. 

नानांना एक गोष्ट नेहमी मान्य होती, आणि माईंना सांगतानाही त्यांनी ती सांगितली. स्टोव्ह फुटला नाही, याचा अर्थ काय झाले ते कळले असा होत नाही. चालत्या, निरोगी स्टोव्हवरही पदर पेटतो. नायलॉनच्या साड्यांनी कितीजणी भाजल्या. जळणाऱ्या माणसाने स्वतःलाच पेटवून घेतलेले असते, असेही घडते, आणि मग त्याचे कारण कोठे शोधायचे हा आणखी वेगळा प्रश्न. त्यांना ठाऊक होते ते एवढेच, की जे सांगितले गेले ते खरे नव्हते. 

वर्तमानपत्रांत पुढे अशा बातम्यांना अंतच राहिला नाही. स्टोव्हच्या भडक्याने विवाहिता भाजली, चार ओळी, आतल्या पानावर. त्या भडक्याने बहुतेक वेळा सुनाच कशा भाजतात, सासवा आणि मुलगे कसे नाहीत, हा प्रश्न बायकांनीच मोठ्याने विचारला. 1979 साली दिल्लीत त्या मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या. 1983 साली दंडविधानात 498-अ हे छळाचे कलम आले. 1986 साली 304-ब आले. लग्नापासून सात वर्षांच्या आत बाई भाजून किंवा इतर अनैसर्गिक रीतीने मेली आणि मरणाआधी हुंड्यासाठी तिचा छळ झालेला दिसला, तर तो हुंडाबळी मानायचा, असे ठरले. 2024 पासून हीच कलमे भारतीय न्याय संहितेत 85 आणि 80 या क्रमांकांनी आहेत. 1986 ची ती बातमी नानांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये वाचली. मुलीला जाऊन पंधरा वर्षे झाली होती. तिच्या सासरचे घर विकून कोठे कोठे गेले होते. तिच्या माहेरचा पत्ता त्यांना कधीच ठाऊक नव्हता. वर्तमानपत्राची घडी घालून ते पुन्हा कामावर गेले.

“पोलिसांत जायला हवं होतं तेव्हाच,” नाना म्हणाले. “निदान तिच्या माहेरी.”

माईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला. मग म्हणाल्या, “तुम्हाला वाटतं, ते तुम्हाला एकट्यालाच ठाऊक होतं? त्या गल्लीतल्या बायकांना ठाऊक असणारच. मुलगी नळावर येते कशी, बोलते कशी, हातावर काय दिसतं, हे बायकांना कळतं. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्याही बोलल्या नाहीत.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “नाव काय होतं तिचं?”

“ठाऊक नाही. सगळे बहू म्हणायचे.”

ओसरीत त्या दिवशी पाळीची बत्ती अजून लागलेली होती. दाब उतरल्यामुळे ती पिवळी पडत चालली होती. नानांनी उठून तिला दहा-बारा पंप मारले. एरवी ते ती विझवूनच झोपायला जात.

माईंनी शिडी लावली. गुडघे दुखत असताना त्या दोन पायऱ्या चढल्या आणि वरच्या कोपऱ्यातला स्टोव्ह खाली घेऊन आल्या. फडक्याने पुसला. मग त्याच्या गळ्यातला कोरा पुठ्ठा सुलटा करून नानांच्या पुढे ठेवला आणि कानामागे खोचलेली त्यांची पेन्सिल काढून हातात दिली.

“लिहा. बाकी सगळ्यांचं लिहिता ना.”

नानांनी चष्मा लावला. कंपनी – प्रायमस, स्वीडन. कोठे मिळाला – झाशी, 1971. तिसऱ्या ओळीपाशी पेन्सिल थांबली. बत्तीचा आवाज तेवढा चालू होता. मग त्यांनी त्याच कारखानी अक्षरात लिहिले, ‘दोष – काही नाही.’

उपायाची ओळ त्यांनी तशीच सोडली आणि पुठ्ठा दोऱ्याने परत बांधला. स्टोव्ह मात्र माईंनी वर ठेवू दिला नाही. तो आता खालच्या फळीवर आहे, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा.